पाचवी मूठ

१

बॅग कोणी भरली, असं विमानतळावरच्या शेतीवाल्या मॅडमनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मीच भरली. ते खोटं नव्हतं. दोन्ही बॅगा मीच भरल्या होत्या. ज्योत्स्नाला साडीची घडी धड घालता येत नाही, ती बॅग काय भरणार. लग्न होऊन आली तेव्हाही तिची पेटी मीच लावली होती.

ज्योत्स्ना माझी धाकटी जाऊ. घुग्घुसला राहते. तिचा नवरा गुणवंतराव, माझा दीर, कोळशाच्या खाणीतून रिटायर झाला. घरी फ्रीज आहे, सोफा आहे, आणि दिव्यानी नावाची पोरगी आहे, ती मोठ्या जहाजावर नोकरी करते. लोक नुसते फिरायला जातात ते जहाज. दुबईहून निघते, समुद्रात आठ दिवस चक्कर मारते आणि दुबईलाच परत येते. कंपनीनं दिव्यानीला आईबापासाठी दोन पास दिले. गुणवंतरावला चंद्रपूरच्या बसमध्येही उलटी होते. तो म्हणाला, मी नाही जात. तेव्हा कुठं त्यांना माझी आठवण झाली.

मी सावली तालुक्यात राहते, खेड्यात. घर आणि धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, एवढंच माझं. नवरा पोचू जाऊन एकोणीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. शाळा चौथीपर्यंत. कोणी म्हटलं की सुकरी, तू धाकटीवर जळते, तर मी नाही म्हणत नाही. जळते. तिच्या सोफ्यावर नाही जळत. कशावर, ते पुढं येईल.

निघायच्या आधी दिव्यानीनं फोनवर दहा वेळा बजावलं.

"मोठीआई, तू तरी ऐक. बी नको, माती नको, फळ नको, पाला नको. येताना नागपूरले तपासते. त्याचे शेतीवाले लोक वेगळे असते."

"आमी का बांधी गुंडाळून आणून राह्यलो काय?"

"तू लोणच्याच्या बरणीले काय काय बांधते, मले माहीत आहे."

पोरगी हसली. मीही हसली. बी आणायचं माझ्या मनातही नव्हतं. समुद्रात बी कुठून येणार?

२

जहाजावर आम्हाला आतली खोली मिळाली. खिडकी नव्हती. भिंतीला पडदा लावला होता, खिडकीवर लावतात तसा, आणि तो सरकवला की मागं भिंतच. पहिल्या दिवशी ज्योत्स्नानं तो तीनदा सरकवून पाहिला.

दिव्यानी रोज दुपारी यायची. आईच्या गळ्यात पडायची, मग माझ्या पाया पडायची. गळ्यात एकीच्या, पाया दुसरीच्या. मी ते मोजत होती.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ज्योत्स्ना कपडे धुवायच्या खोलीत गेली. आमच्याच मजल्यावर होती ती खोली, गल्लीच्या टोकाला. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा कपडे नव्हते हातात. दोन्ही हातांनी पदराची झोळी धरली होती आणि चेहरा नव्या नवरीसारखा.

"बाई," ती म्हणाली. धाकटी मला बाई म्हणते. "पाहा ना बाई. माझी ओटी भरली."

"कोणं?"

"होती एक बाई तिथी. आपल्याकडचीच दिसली. लुगडं होतं अंगावर. डोक्यावरून एवढा पदर. चेहरा नाई दिसला."

"काय म्हणे?"

"काईच नाई. हातानं दाखवलं, पदर कर म्हणून. म्या केला. मंग मुठीनं टाकलं. पण डाव्या हातानं टाकत होती बाई, मले कसंसंच वाटलं. ओटी कोणी डाव्या हातानं भरते काय?"

"किती मुठी?"

तिला तो प्रश्न विचित्र वाटला असणार. मलाही वाटला. पण मी विचारला.

"चार. पाचवी भरली होती तिनं, तेवढ्यात मशीन वाजली, म्या मागं पाहिलं. पुन्हा पाहिलं तं नव्हती."

मी झोळीत हात घातला. हिरवा खण होता, हळकुंड होतं, सुपारी होती. आणि तांदूळ नव्हते. धान होतं. टरफलासकट. एक दाणा मी उजेडात धरला. लांबोळका, टोकाला लालसर. लुचई. आमच्या बांधीत लुचई पेरायचं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आता सगळे पाकिटातलं बी आणतात.

दाणा ओला होता.

३

आमच्या बुढीची, म्हणजे सासूची, एक रीत होती. धाकटी तिला माय म्हणायची, मी बुढीच म्हणते. सगळं जग ओटीत तांदूळ घालते, गहू घालते. ती धान घालायची. "तांदूळ मेलेला असते," म्हणायची. "पेरला तं उगवत नाई. बाई घरून निघाली, तं तिच्या पदरात उगवणारं पाह्यजे." चार मुठी घरात, देवापुढं. पाचवी उंबऱ्यावर. पाचवी पडली की मागं न पाहता निघायचं. ज्या घरी जायचं त्या घरी.

माझ्या पदरात ती पाच चिमट्या टाकायची. धाकटी आली आणि तिच्या पदरात पाच मुठी पडायला लागल्या. मी चौकटीला टेकून बघायची. मुठीतून दाणे सांडायचे, ते झाडायचे मीच. मग पोचू गेला आणि माझ्या चिमट्याही बंद झाल्या. विधवेची ओटी कोण भरते?

शेवटची दोन वर्षं बुढी खाटेवर होती. उजवा हात लकव्यानं गेला. गू-मूत मी काढलं. पेज मी पाजली. धाकटी दिवाळीला यायची आणि सफरचंदं आणायची. बुढी ते सफरचंद डाव्या हातात धरून वास घेत बसायची, आठ-आठ दिवस, सुरकुतेपर्यंत. मरायच्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, मला नीट पाहिलं, ओळखलं, आणि विचारलं, "धाकटी आली काय?"

मी म्हटलं, नाही आली. मग तिनं डोळे मिटले. दुपारी गेली. आंघोळ मी घातली, हनुवटी मी बांधली, घट्ट झालेली डावी मूठ मी उघडायला गेली, ती उघडली नाही. तशीच नेली.

त्याला आठ वर्षं झाली. आणि आता भर समुद्रात, जिथं चारी बाजूनं पाण्याशिवाय काही नाही, ती पुन्हा धाकटीकडंच आली होती.

मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली, पण नंतर. आधी मला वाटलं, माझ्याकडं काऊन नाही?

४

मी डोकं चालवलं. जहाजावर शंभर देशांचे लोक. आंध्राकडच्या बायाही ओटीत धान घालत असतील, ओडिशाकडच्याही. लुगडं नेसणारी एखादी म्हातारी लेकासोबत आली असेल. डावरी असेल. असं म्हणत मी त्या खोलीकडं गेली.

खोली लहान, गरम. चार मशीन, काचेच्या गोल दाराच्या. माणूस कोणी नाही. एक मशीन चालू होती, कपडे वाळवायची, आणि आवाज येत होता. फट्, फट्, सर्र. फट्, फट्, सर्र. सूप पाखडल्यासारखा. मी काचेला नाक लावलं. आत कोणाची तरी पँट फिरत होती, लोखंडी बटनांची. बटन आपटते ते फट्, कापड घसरते ते सर्र. माझा जीव भांड्यात पडला. मी हसली सुद्धा.

तेवढ्यात मशीन थांबली. पँट खाली पडून राहिली.

फट्, फट्, सर्र. अजून एकदा आलं.

मी काही वळून पाहिलं नाही. खाली पाहिलं. मशीनच्या मागं, कोपऱ्यात, कोंड्याचा लहानसा ढीग होता. अर्धगोल, पाखडणारीच्या डाव्या बाजूला पडतो तसा. ज्योत्स्नाच्या पदरातून सांडलं असेल म्हटलं. पण तिच्या पदरात धान होतं. कोंडा पाखडल्याशिवाय निघत नाही.

मी तिचे धुतलेले कपडे उचलले आणि आली. कपडे तिथं सोडून आली होती ती, ओटीच्या आनंदात.

५

त्या संध्याकाळपासून ज्योत्स्ना जेवली नाही. एवढी खाणारी बाई. टेबलावर इतकं मांडलेलं असायचं, ती नुसती पाहायची. पाय थंड पडले. मी चोळले तर हाताला ओल लागली, रोवणीच्या चिखलातून निघालेल्या पायासारखी. दिव्यानीनं जहाजाचा डॉक्टर आणला. तो म्हणाला, समुद्र लागला.

"घरी जाऊ ना बाई," ती म्हणायची.

"चाललोच ना घरी. दोन दिवस राह्यले."

"घुग्घुसले नाई. घरी."

आणि उठून खोलीच्या दारात जायची. दार उघडून उंबऱ्यावर उभी राहायची, गल्लीकडं तोंड करून, पदर पुढं धरून. भर दिवसा. येणारे-जाणारे गोरे लोक तिला हात जोडून नमस्ते करायचे. मी तिला ओढून आत आणायची, ती पुन्हा जायची. पाचवी मूठ पडायची होती तिची. मला ते समजत होतं. पाचवी पडली की ही जाणार. कुठं, ते मला स्वतःशीही बोलायचं नव्हतं.

दिव्यानीला नुसतं एवढंच सांगितलं की तुझ्या आईला कोणीतरी धान दिलं.

"फेक ते समुद्रात, मोठीआई! नागपूरले पकडते. आणि आईले तेच लागलं असन तं?"

"ओटी कोणी फेकते काय?" ज्योत्स्ना पलंगावरून म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमीच काय ते करा. मले नका सांगू."

मी खणाची गाठ मारली आणि वर गेली, कठड्याजवळ. खाली पाणी निळं, ऊन लखलख. गाठोडं हातात जड लागत होतं, चार मुठींपेक्षा जड. फेकायला हात वर केला.

नाही फेकलं. फेकलं असतं तर ज्योत्स्ना सुटली असती का, मला माहीत नाही. पण त्या वेळी मी ज्योत्स्नाचा विचार करत नव्हती. माझ्या हातात बुढीनं भरलेल्या मुठी होत्या. चिमट्या नाही, मुठी. दोन वर्षं जिचं मी सगळं केलं तिच्या. त्या मला पाहिजे होत्या. बस.

खाली येऊन दिव्यानीला म्हटलं, फेकलं. आणि शेवटच्या सकाळी बॅगा भरताना ते माझ्या बॅगेत ठेवलं, मधोमध, माझ्या दोन पांढऱ्या साड्यांच्या घडीत.

६

नागपूरला विमान सकाळी उतरलं. पट्ट्यावर बॅगा फिरत आल्या. ज्योत्स्नाची गुलाबी, चाकांची. माझी करडी, गुणवंतरावची जुनी. माझ्या बॅगेवर कोणीतरी खडूनं फुली मारली होती.

एका शिपायानं बॅग पुन्हा मशीनमध्ये घातली. तिथं टीव्ही असतो, बॅगेच्या आतलं दिसते. बसलेला माणूस वाकून पाहायला लागला. मीही पाहिलं. साड्या नारिंगी रंगाच्या धुरासारख्या दिसत होत्या. चपलांचे खिळे दिसत होते. मधोमध दाण्यांचा ढीग. आणि ढिगात एक मूठ. हाडांची, मिटलेली. अंगठा आत नाही, वरून. डावी.

"हे काय?" तो माणूस म्हणाला.

"नारळाच्या शेंड्या असतील," मागून दुसरा म्हणाला.

मी काही नारळ आणला नव्हता.

बाजूच्या लहान खोलीत नेलं. पांढरं टेबल, पांढरा लाइट, औषधाचा वास. काचेपलीकडं ज्योत्स्ना खुर्चीवर बसली होती, दारात नाही जाऊ शकत म्हणून मांडीवरच पदर पसरून. टेबलामागं एक तरणी मॅडम होती, हातात रबरी मोजे. छातीवर नाव, अदीबा. तिनं विचारलं, बॅग कोणी भरली, आणि मी म्हटलं, मीच.

तिनं बॅग उघडली. साड्या बाजूला केल्या. खणाची गाठ सोडली. आत मूठबीठ नव्हती. धान होतं. आणि मी पाहिलं ते असं की तीन-चार दिवसांपूर्वीचे दाणे आता सगळेच्या सगळे फुटले होते. पांढरे मोड, एकात एक गुंतलेले. खाली काळी माती.

"मावशी, हे काय आहे?"

"ओटी आहे."

ती लिहिता लिहिता थांबली. "मी मूल गावची आहे," म्हणाली. "आमच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. अर्ध्या गावच्या बाया ओटीतले खण घेऊन आमच्याकडंच यायच्या. ओटीत तांदूळ असतात, मावशी."

"आमच्या घरी धान असते."

"तांदूळ असता तर मी पाहून सोडला असता. हे उगवते. उगवणारं नाही नेता येत." तिनं चिमट्यानं एक मोड उचलला. "कधी भिजवलं?"

"नाई भिजवलं."

"मग जहाजावर माती कुठून आली?"

मी वाकून वास घेतला. मला सांगायची गरज नव्हती. आमच्या तळ्याखालच्या बांधीची माती. जगात कुठंही ठेवा, मी ओळखेन.

"हे जाळावं लागणार," मॅडम म्हणाली. आवाज चांगला होता तिचा. "कागद करावा लागते. कोणाच्या मालकीचं, कोणी दिलं. खरं सांगा, तुमच्यावर काही होणार नाही."

तेवढ्यात दार ढकलून ज्योत्स्ना आत आली. भिंतीला धरत. गाठोडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुमी तं फेकलं म्हणे."

तिनं मॅडमकडं तोंड केलं.

"मॅडम, ते माझं आहे. माझी ओटी आहे. यांची नाई."

"माझी आहे," मी म्हटलं.

"बाई, असं काऊन करता? तुमची ओटी कशी..."

तिथं ती थांबली. पुढचं बोलली नाही, पण मला पूर्ण ऐकू आलं. एकोणीस वर्षं मला ते ऐकू येते. माझ्या डोक्यात जाळ उठला.

"लिहा मॅडम," मी म्हटलं. "सुकरी पोचू लेनगुरे. ओटी माझी. माझ्या सासूनं भरली. स्वतःच्या हातानं. मुठीनं."

"सासूबाई सोबत आहेत?" मॅडमनं विचारलं. सहज विचारलं, कागदावर तसा रकाना असणार.

मी म्हटलं, "आहे."

मॅडमनं लिहिलं.  ज्योत्स्ना माझ्याकडं पाहत नव्हती. माझ्या खांद्याच्या मागं पाहत होती, जिथं फक्त भिंत होती, आणि हळूहळू तिचे हात सैल पडले, पदर सुटला. मी मागं वळली नाही. मानेला गार लागत होतं. वर एसी होता.

मॅडमनं कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. मी सावकाश वाचते, पण वाचते. वस्तू, धान, अंकुरलेले, मातीसह. मालक, मी. आणि खाली, सोबतचे प्रवासी, दोन. ज्योत्स्ना एक.

चूक दुरुस्त करायला एक शब्द पुरला असता. मी सही केली. तिनं मोहोर मारली.

धान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जाळायला गेलं. खण मॅडमनं ब्रशनं झटकला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "कापड असू द्या, मावशी," म्हणाली. "ओटीचं आहे."

७

बाहेर गुणवंतराव जीप घेऊन आला होता. नागपूर सुटलं तशी ज्योत्स्ना म्हणाली, "भूक लागली." उमरेडला तिनं तर्रीपोहे खाल्ले, दोन प्लेट, आणि वर चहा. गालांवर रंग आला. गुणवंतराव तिच्याकडं पाहून हसत होता.

"समुद्र उतरला वाटते."

"आता चांगलं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "पाय कोरडे झाले."

माझे पाय थंड होते. मी पोह्यांना हात लावला नाही.

पुन्हा निघालो. ज्योत्स्ना एका खिडकीशी, मी दुसऱ्या. नागभीडच्या पुढं गुणवंतरावनं आरशात पाहिलं. "वयनी, दाराले एवढ्या चिकटून काऊन बसल्या? मधात तं जागा आहे."

मी पाहिलं. मी खरोखर दाराला चिकटून बसली होती, एका माणसाची जागा सोडून. सरकावं म्हटलं. सरकली नाही.

आमच्या घरापुढं जीप थांबली. ज्योत्स्ना खाली उतरून पाया पडली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, चला घुग्घुसले. इथी एकट्या नका राहू."

"एकटी कुठी आहे," मी म्हटलं.

८

घर तसंच होतं. कुलूप, ओसरी, बुढीची खाट भिंतीला उभी. मी झाडलं, चूल पेटवली, खण गाठ मारून खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमारास आतल्या खोलीतून आवाज आला. फट्, फट्, सर्र. माझ्या घरी मशीन नाही. सूप आहे, ते माझ्यासमोर भिंतीला टांगलेलं होतं, हलत नव्हतं.

आवाज थांबल्यावर मी खण काढला. जड लागला. आत मूठभर धान. ओलं, लाल टोकाचं.

उंदरांनी आणलं असेल म्हटलं. पण उंदीर गाठ सोडून पुन्हा बांधत नाही.

दुसरी मूठ त्याच्या पुढल्या दिवशी. तिसरी त्याच्याही पुढल्या. भर दुपारी, ऊन अंगणात, शेजारची सून बाहेर मिरच्या वाळवून राहिलेली. मला जेवण जात नव्हतं. पण खोटं नाही सांगत, मी खुश होती. मी मुठी मोजल्या. चिमट्या नव्हत्या, भरगच्च मुठी होत्या, बोटांचे वळ उमटलेल्या. आता आली ना माझ्याकडं, म्हटलं. कागद आहे माझ्याजवळ, मोहोर आहे.

काल चौथी पडली.

आज सकाळी ज्योत्स्नाचा फोन आला.

"बाई, बरं आहे ना?"

"बरं आहे."

"मले चैन नाई पडून राह्यली. रोज दुपारी डोळा लागला का माय दिसते. काई बोलत नाई, बंद मूठ दाखवते फक्त. मी येते बाई. यांले सांगितलं जीप काढाले. एकापर्यंत पोचतो."

"नको येऊ."

"तुमी रागावल्या काय? त्या दिवशी म्या ओटीचं बोलली म्हणून?"

"तुले सांगितलं ना नको येऊ. आली तं दार नाई उघडणार. अर्ध्या रस्त्यात असन तं परत जा. आयकलं?"

ती रडायला लागली. मी फोन बंद केला. मी तिला वाचवायला नको म्हटलं, असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या, त्यातही थोडं खरं असेल. पण ती आली असती तर पाचवी मूठ कोणाच्या पदरात पडली असती, हे मला माहीत आहे. सगळा जन्म मी चौकटीला टेकून तेच पाहिलं.

मी आंघोळ केली. पांढरी साडी नेसली. चार मुठी पदरात घेतल्या आणि उंबऱ्यावर उभी राहिली, तोंड बाहेर, पाठ घराकडं. ऊन डोळ्यात जात होतं. आत सूप वाजत होतं. फट्, फट्, सर्र. मग थांबलं.

ओसरीवर पाय वाजले. ओले पाय वाजतात तसे. सुरकुतलेल्या सफरचंदाचा वास आला. माझ्या डाव्या हाताच्या बाजूनं, कोपराच्या खालून, एक मूठ पुढं आली. राखेसारखी, मिटलेली, अंगठा वरून. मी आठ वर्षांपूर्वी उघडू शकली नव्हती तीच. ती पदरावर येऊन थांबली. उघडली नाही.

कानाशी आवाज आला. त्या दिवशी सकाळी आला होता तोच, तसाच.

"धाकटी आली काय?"

दूर रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

मी डोक्यावरून पदर ओढला, चेहरा दिसणार नाही एवढा. आणि धाकटीच्या आवाजात, मऊ, म्हटलं,

"हो माय. आली."